बिनफेसाची पेस्ट

रेवा, परवा फोनवर तू खालचा ओठ ओढून मला आतला पांढरा फोड दाखवलास आणि म्हणालीस, "आजी, पुन्हा तोंड आलंय. कुठली टूथपेस्ट घेऊ?" मी तुला उत्तर दिलं, पण अर्धंच. तुझ्या प्रश्नाबरोबर एक गृहस्थ माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते आणि त्यांच्यादेखत मला पुढे बोलता येईना. ते आता हयात आहेत की नाहीत, मला माहीत नाही. तुला आणि निहारला ते ठाऊक असायचं कारण नाही; तुम्हा दोघांच्या जन्माआधीच ते ऐरोली सोडून गेले. तुमच्या आईला मात्र विचारा. शाळेत असताना तिचं तोंड त्यांनीच बरं केलं होतं. आणि ज्या पद्धतीने तिला बरं केलं, त्याच पद्धतीने आपण आपल्या बायकोचा जीव घालवला, असं ते मानत. ते कितपत खरं, याचा निवाडा मी करणार नाही. माणूस कसा होता तेवढं सांगते.

त्यांचं नाव मनोहर साळवी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही ऐरोलीला राहायला आलो तेव्हा इमारतीच्या भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास होता आणि मागच्या गॅलरीतून थेट खाडी दिसायची. मुलुंडचा पूल व्हायचा होता. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक आमचं आणि एक साळवींचं. साळवी बारीक, बेताच्या उंचीचे, नेहमी अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट. सतत हात धुऊन त्यांची बोटं कोरडी, सुरकुतलेली झाली होती. रबाळ्याजवळ एक लहानसा कारखाना होता, तिथे ते केमिस्ट होते. कारखान्यात टूथपेस्ट बनायची, पण ती बाजारात दुसऱ्यांच्या नावाने जायची. "नाव त्यांचं, पोटातलं आमचं," असं ते म्हणत. संध्याकाळी जिन्यात पेपरमिंटचा वास आला की साळवी आत्ताच वर गेले हे कळायचं.

नाक तर त्यांचं विलक्षण होतं. त्या दिवसांत ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांतून कसले ना कसले वास वाऱ्याबरोबर घरात शिरायचे. कधी कुजक्या अंड्यासारखा, कधी गोडसर, कधी नुसतंच काहीतरी जळाल्यासारखा. साळवी गॅलरीत उभे राहून हनुवटी किंचित वर करत आणि सांगत, "हा रंगवाल्यांचा. हा औषधवाल्यांचा. वारा फिरेल, मग जाईल."

त्यांची बायको सुमन आतून ओरडायची, "साऱ्या बेलापूर पट्टीचा वास कळतो ह्यांना. घरात आमटी करपली की तेवढं नाक बंद."

सुमन कराडकडची. उंच, सावळी, मोठ्या आवाजाची. मुंबईत इतकी वर्षं काढूनही तिची भाषा तिने सोडली नव्हती. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण त्यांच्या घरात शांतता अशी कधी ऐकू आली नाही. सुमन एकटी असली तरी भांड्यांशी बोलायची. माझी शाळा सकाळची. दुपारी मी वह्या तपासत बसले की ती पदराला हात पुसत यायची आणि म्हणायची, "बाई, तुमचं इंग्लिश बाजूला ठेवा जरा. ठेचा केलाय. जीभ जळाली तर माझं नाव घ्या." जीभ जळायचीच. तिला तिखटाशिवाय घास उतरत नसे, आणि कोकणातले साळवी ओल्या खोबऱ्याच्या आमटीवर वाढलेले. एकाच घरात दोन आमट्या व्हायच्या आणि त्यावर रोज वाद व्हायचा. त्या वादावर त्यांचा संसार छान चालला होता.

आता साळवींच्या पद्धतीबद्दल. ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

"एका वेळी एकच बदलायचं, वहिनी," ते सांगत, "आणि मग थांबायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं काय झालं ते देवालासुद्धा सांगता येणार नाही." हे ते पेस्टबद्दल म्हणत, पण वागत सगळीकडे तसेच. एकदा त्यांच्या घरचा चहा कडवट लागू लागला. दुसरा कुणी नवी पावडर आणून मोकळा झाला असता. साळवींनी आधी दूध बदललं आणि आठवडाभर तसाच चहा प्यायले. मग साखर बदलली. मग पातेलं. पावडरीपर्यंत पोचायला महिना गेला. दोष पावडरीतच होता. सुमनने तो महिनाभर आमच्याकडे येऊन चहा घेतला. "बायको पण एका वेळी एकच केली न्हवं," ती तुमच्या आजोबांना म्हणाली, "आता थांबून परिणाम बघत बसल्यात."

सोसायटीचा पाण्याचा पंप बिघडला तेव्हाही हेच. पाणी वरच्या टाकीत चढेना. प्लंबर म्हणाला, मोटर बदला, पाइप बदला, सगळंच जुनं झालंय. साळवी त्या वर्षी कमिटीवर होते. ते म्हणाले, आधी फक्त खालचा व्हॉल्व्ह बदला आणि उद्यापर्यंत थांबा. अख्खी इमारत बादल्या घेऊन जिन्यात. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ साळवींच्या दारात येऊन वाट्टेल ते बोलून गेले. सुमन बादली घेऊन खाली उतरताना प्रत्येक दाराशी सांगत होती, "बोंब मारायची तर साळव्यांच्या नावानं मारा. मी तुमच्यातलीच हाय." दुसऱ्या दिवशी पाणी चढलं. तेवढ्या एका व्हॉल्व्हनेच. त्यानंतर इमारतीत कुणाचंही काही बिघडलं की लोक आधी साळवींना विचारू लागले, आणि साळवींचाही स्वतःच्या थांबण्यावर विश्वास बसला. तो आधीपासून होता, पण त्या दिवसापासून त्याला लोकांची साक्ष मिळाली.

तुमच्या आईचं प्रकरण त्यानंतरचं. मीनल तेव्हा दहावीत होती. तिचं तोंड सारखं यायचं. एक फोड बरा होतोय तोवर दुसरा. ओठांच्या आत, गालांच्या आत, जिभेखाली. परीक्षा जवळ आली की जास्तच. डॉक्टरांनी जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, मी तूप लावलं, जाईचा पाला चावायला दिला, रात्रीचं जागरण बंद केलं. थोडा फरक पडायचा आणि पुन्हा तेच. एका संध्याकाळी ती वरणभात खाताना रडत होती. साळवी कसलीशी सही घ्यायला आले होते, ते दारातच थांबले.

"दात कशानं घासतेस?" त्यांनी विचारलं.

मीनलने आमची ट्यूब आणून दिली. साळवींनी हात ओला केला, तळव्यावर थोडी पेस्ट घेतली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने चोळत राहिले. फेस झाला. तो फेस त्यांनी दिव्याखाली धरून पाहिला, जशी मी एखादी उत्तरपत्रिका पाहते तशी.

"भरपूर घातलंय," ते म्हणाले. "वहिनी, हा फेस कशाचा, माहीत आहे? कपडे धुवायच्या पावडरीत फेसासाठी जे घालतात त्याच्याच भाऊबंदातलं हे द्रव्य. सोडियम लॉरिल सल्फेट. गिऱ्हाइकाला फेस हवा असतो म्हणून आम्ही घालतो. फेस आला नाही तर त्याला वाटतं दात घासलेच गेले नाहीत. पण काहींच्या तोंडाचं अस्तर नाजूक असतं. त्यांना हे सोसत नाही. अलीकडे याविषयी बाहेरच्या देशांत थोडं छापून येऊ लागलंय. तोंड म्हणजे मोरी नव्हे."

त्या काळी सगळ्याच ट्यूबांवर आतलं सगळं छापलेलं नसे. असतं तरी आम्हाला कुठे वाचता येत होतं? मी इंग्रजी शिकवत होते, पण ते इंग्रजी वेगळं. साळवींनी पुढच्या आठवड्यात कारखान्यातून एक कोरी, नाव नसलेली ॲल्युमिनियमची ट्यूब आणली. आत फेसाचं द्रव्य नव्हतं. खडू, ग्लिसरीन, थोडा डिंक, फ्लोराइड आणि नावापुरती चव. मीनलने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. "काका, भिंतीचा रंग चाटल्यासारखं वाटतं."

"चाट," साळवी म्हणाले. "पण दुसरं काही बदलू नकोस. गोळ्या चालू आहेत त्या चालू राहू देत. मग आपण थांबू."

परीक्षेपर्यंत तिचं तोंड आलं, पण आधीसारखं नाही. फोड लहान आणि लवकर जाणारे. त्या वर्षभरात ते हळूहळू विरळ झाले. साळवी स्वतः कधी म्हणाले नाहीत की मी बरं केलं. ते म्हणत, "तिच्या बाबतीत उपयोग झाला. सगळ्यांच्या होईलच असं नाही." रेवा, मी तुला फोनवर सांगितलं ते इतकंच. ट्यूब उलटी कर, मागचं वाच, ते फेसाचं द्रव्य नसलेली घे, दालचिनीची आणि झणझणीत पुदिन्याची टाळ, आणि उपयोग होतो का ते बघ. याच्या पुढचं, जे मला सांगता आलं नाही, ते साळवींच्या घरातलं आहे.

गौरीच्या जेवणाला सुमन आमच्याकडे होती. घास घेताना ती मध्येच थांबली आणि गाल धरला. जिभेच्या कडेला, मागच्या बाजूला काहीतरी झालं होतं. "दात लागला असंल," ती म्हणाली. दिवाळी आली तरी ते होतंच. तोवर तिने ठेचा सोडला होता. ठेच्याशिवाय सुमन हे मी पहिल्यांदा पाहत होते आणि मला ते बरं वाटलं नाही. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखव. ती हसली. "डॉक्टर घरात हाय की, ट्यूबवाला."

साळवींच्या घरात फेसाची पेस्ट मीनलच्याही आधीपासून नव्हती. म्हणजे ते कारण बाद. त्यांनी पुढचं धरलं. आधी दालचिनीचं तेल काढलं. नवी कोरी ट्यूब घरी आणली आणि थांबले. फरक नाही. मग पुदिना काढला. थांबले. मग दात पांढरे करणारी भुकटी बारीक केली. थांबले. प्रत्येक वेळी ते सुमनला खिडकीशी, उजेडात उभी करत, जीभ बाहेर काढायला लावत, आणि पाहत. प्रत्येक वेळी विचारत, "दुसरं काही बदललंस का? खाण्यात? कशात?"

"न्हाय वो," सुमन म्हणायची. "जे चाललंय तेच चाललंय."

आणि ते खरंच होतं.

मधूनच तो फोड जरा सुकल्यासारखा दिसे. साळवींचा चेहरा उजळे. जिन्यात भेटले की सांगत, "वहिनी, बहुतेक सापडलं. पेस्ट टिकवण्यासाठी जे घालतो त्यात होतं. पण थांबतो. घाईने म्हणायचं नाही." मग पुन्हा तो तसाच. संक्रांतीपर्यंत त्यांच्या मोरीतल्या फळीवर कोऱ्या ट्यूबांची रांग लागली होती, एकीत एक गोष्ट कमी, दुसरीत आणखी एक कमी. सुमन म्हणाली, "आता फुडच्या ट्यूबात नुसती हवाच भरून आणा." म्हणाली ती हसत, पण हसताना तिने जीभ एका बाजूला सांभाळून धरली होती.

होळीच्या सुमाराला तिचा कान दुखू लागला. कान पेस्टमध्ये बसत नव्हता. म्हणून साळवींनी दुसऱ्याच दिवशी तिला वाशीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्या डॉक्टरने कान पाहिला, कानात काही नव्हतं. मग त्याने तोंड उघडायला सांगितलं आणि जीभ बाजूला करून पाहिली. चिठ्ठी लिहून मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात जा म्हणाला, उद्याच जा.

मी त्यांच्याबरोबर गेले. सुमनने सांगितलं होतं, "बाई, तुम्ही चला. तिथं समदे इंग्लिश झाडतात." तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती. मराठीतच बोलली. तिने हातमोजे घालून जीभ धरून पाहिली, मान चाचपली आणि खुर्चीत बसत विचारलं, "तंबाखू? सुपारी? काही सवय?"

"छे," साळवी म्हणाले. "आमच्या घरात नाही."

डॉक्टरीण लिहीत होती. सुमन खाली फरशीकडे पाहत होती. मग तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "मशेरी लावते."

तुम्हाला मशेरी ठाऊक नसणार. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात आणि ती पूड दातांना, हिरड्यांना चोळतात. गावाकडे कितीतरी बायका लावत. दात दुखायचे थांबतात म्हणून लावायला लागतात आणि मग सुटत नाही. भाजलेली असली तरी ती तंबाखूच.

डॉक्टरणीने मान वर केली. "कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. आज्जीनं लावली दाढ ठणकत होती तवा."

"आणि आता? हे झाल्यावर?"

"आता जास्तच," सुमन म्हणाली. "तिनं बधिर हुतं जरा."

मी साळवींकडे पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही. त्यांचा आवाज तेवढा ऐकला, अगदी हळू, जणू पत्ता विचारत असल्यासारखा.

"आपल्या घरात?"

"दुपारची. तुम्ही कारखान्यात असता तवा. भाजायची पण दुपारीच. वास कारखान्यांच्या वासात जातो."

तो वास मलाही येत असे. दुपारी वह्या तपासताना कितीदा तरी. मी खिडकी लावून घ्यायची आणि म्हणायची, आज रबाळ्याकडून वारा आहे.

तपासणीसाठी तुकडा काढायला तिला आत नेलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. साळवींनी दोन्ही हात मांड्यांवर पालथे ठेवले होते. ती बाहेर आली, तोंडात कापूस धरून, आणि त्यांच्या शेजारी बसली. कापसामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं, तरी बोललीच.

"तुम्ही इतक्या हौसेनं ट्यूबा करत होता. म्हटलं, टूथपेस्टवाल्याची बायको मशेरी लावती हे कळलं तर माणसाला वाईट वाटंल."

साळवी रागावले नाहीत. त्यांनी तिच्या गालावरून ओघळणारी लाळ आपल्या रुमालाने टिपली. "मी विचारलं नाही," ते म्हणाले. "खाण्याचं विचारलं. पेस्टचं विचारलं. हे विचारायचं माझ्या मनातच आलं नाही. मला वाटलं, तुझ्या तोंडात जातं ते सगळं मीच आणतो."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लांबवण्यात अर्थ नाही. तिची जीभ अर्ध्याहून जास्त काढावी लागली. विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, झाले. घरी आली तेव्हा तिचं बोलणं आम्हाला कुणालाच कळेना, साळवींना मात्र सगळं कळायचं. मी भेटायला गेले की ती घशातून काहीतरी म्हणायची आणि ते शेजारी बसून सांगायचे. एकदा असंच ती बरंच काही बोलली आणि स्वतःच हसली. साळवी चष्मा काढून पुसत म्हणाले, "ती म्हणते, बाईंना चहा द्या. पण दूध, साखर, पावडर सगळं एकदम घाला. थांबू नका." तिच्या तोंडचं ते मला कळलेलं शेवटचं वाक्य, आणि तेही त्यांच्या तोंडून. पुढच्या गौरी आल्या तेव्हा ती नव्हती.

मग साळवींनी एक विचित्र गोष्ट केली. रात्रपाळी मागून घेतली. संध्याकाळी जायचे, सकाळी यायचे, आणि दुपारी घरी असायचे. झोपत नसत. दुपारी त्यांचं दार सताड उघडं असे आणि ते आतल्या खोलीत, मोरीच्या उंबऱ्यापाशी, खुर्ची टाकून बसलेले असत. माझ्या दारातून ते सरळ दिसत. वाचत नसत, रेडिओ नसे. मध्येच उठत, स्वयंपाकघरात जाऊन गॅसपाशी उभे राहत, हनुवटी वर करत, वास घेत, आणि परत येऊन बसत. पहिल्यांदा मला वाटलं काही उतू गेलं असेल. गॅसवर काहीच नसायचं.

एकदा मी डबा द्यायला गेले. म्हटलं, "भाऊजी, जरा पडा तरी. रात्रभर जागता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दुपारी मी कधी घरी नव्हतो, वहिनी," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एकही दुपार नाही."

मी डबा ओट्यावर ठेवून आले. त्या दिवसापासून त्या उघड्या दारासमोर बसून मला वह्या तपासवेनात. मी दार लोटून घ्यायला लागले. तरी कळायचंच की ते तिथे आहेत. सुमन गेल्यावर त्या घरातला आवाज गेला होता, पण घर रिकामं झालं असं वाटत नसे. कुणीतरी आत्ता तवा ठेवणार आहे आणि ते पकडायला कुणीतरी बसलं आहे, असं वाटे. मला अजूनही दुपारच्या वाऱ्यावर जळका वास आला की हात थांबतो. कारखाने कधीच गेले, तिथे आता काचेच्या इमारती आहेत. वास कुठून येतो कुणास ठाऊक.

त्या दिवसांत पहिल्या मजल्यावरच्या बाई त्यांच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या सुनेचं तोंड यायचं. "साळवी, ती मीनलला दिली होती तसली ट्यूब द्या की एखादी."

"तसली पेस्ट नाही," साळवी म्हणाले.

"अहो, फळीवर दिसतायत की इतक्या."

साळवींनी मागे वळून फळीकडे पाहिलं. रांग तशीच होती, एकही हलवलेली नव्हती. "त्या उपयोगाच्या नाहीत," ते म्हणाले. "सुनेला डॉक्टरकडे न्या." आणि दार लावून घेतलं. इमारतीत बोलणं झालं की बायको गेल्यापासून साळवी विक्षिप्त झाले, साधी ट्यूब देत नाहीत. त्या सुनेला त्या ट्यूबचा कदाचित उपयोगही झाला असता. हे साळवींना कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

वर्षभराने त्यांनी नोकरी सोडली, ब्लॉक विकला आणि खांदेश्वरला पुतण्याकडे राहायला गेले. निघताना मीनलच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना तिला काहीतरी विचारायचं होतं असं दिसलं, पण विचारलं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी खांदेश्वरला नवं घर घेतलं होतं, त्याची वास्तुशांत होती. परत येताना डोकं दुखत होतं म्हणून स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानाशी थांबले. दुकानाच्या पायरीवर एक बाकडं होतं. त्यावर साळवी बसले होते. बुशशर्ट तोच, पण चुरगळलेला, आणि दाढी वाढलेली. पेपरमिंटचा वास येत नव्हता. त्यांनी मान वर केली आणि आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे.

"वहिनी," ते म्हणाले. मग लगेच, "मीनल?"

"बरी आहे. लग्न ठरलंय तिचं."

"तोंड येतं?"

"क्वचित."

"येतं ते जातं ना?"

"जातं. आठवड्याभरात जातं."

त्यांनी श्वास सोडला. मला त्यांना काही सांगायचं होतं. सुमनने इतकी वर्षं जे लपवलं ते कुणालाच दिसलं नसतं, असं काहीतरी. मी सुरुवातही केली, "भाऊजी, तुम्ही उगाच..." पण तेवढ्यात एक रिक्षावाला दुकानाशी आला. तिशीचा असेल. रिक्षा चालूच ठेवून उतरला होता. तोंडातल्या फोडावर लावायचं मलम मागितलं.

साळवी उठले. "किती दिवस झाले?"

रिक्षावाल्याने वळून पाहिलं. "कशाला, काका?"

"फोड किती दिवस आहे?"

"दोन-तीन म्हैने असल. बारका हाय. जाल तो आपोआप."

"तंबाखू?"

"ती समदीच खातान." त्याने मलम खिशात टाकलं आणि दुकानदाराकडे पाहून हसला.

दुकानदार मला हळूच म्हणाला, "रोजचे आहेत ते. गिऱ्हाइकं वैतागतात. पण काय बोलणार? म्हातारा माणूस."

साळवी पायरी उतरले. मला वाटलं ते त्या माणसाचा हात धरतील. त्यांनी धरला नाही. ते सरळ त्याच्या रिक्षात जाऊन मागच्या सीटवर बसले, पाठ ताठ, हात मांड्यांवर पालथे.

"शेअर हाय, काका," रिक्षावाला म्हणाला. "भरल्याबिगर नाय सुटत."

"स्पेशल," साळवी म्हणाले. "पनवेलला. मोठ्या दवाखान्यात."

"तुमाला काय झालाय?"

"तू चल. तिथं सांगतो."

"आवो, मना डाक्टरला दाखवायचा म्हनून नेतांव काय तुमी? मना नाय यायचा."

"मी पॅसेंजर आहे," साळवी म्हणाले. "पॅसेंजरला नाही म्हणता येत नाही. चल. थांबू नकोस."

रिक्षावाल्याने आमच्याकडे पाहिलं. दुकानदाराने खांदे उडवले. शेवटी रिक्षावाला पुढे बसला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि रिक्षा वळवली. साळवींनी मला हात केला नाही, वळूनही पाहिलं नाही. मागच्या प्लास्टिकच्या खिडकीतून त्यांचं डोकं दिसत होतं. ते पुढे वाकून त्या माणसाच्या कानाशी काहीतरी सांगत होते. तो नाही, नाही अशी मान हलवत होता, आणि रिक्षा पनवेलच्या रस्त्याला लागली होती.